छोट्या गाडीत मागे तीन कार सीट कशा बसवायच्या: आधी मधली जागा बघा, मग खरेदीला जा

आमची मोठी सहा वर्षांची. दुसऱ्या वेळेला एकच बाळ येणार असं धरून आम्ही निवांत होतो, गाडी बदलायचा विषयही नव्हता, आणि सोनोग्राफीवाल्या डॉक्टर बाई म्हणाल्या, "दोन दिसतायत हं." आता जुळे चौदा महिन्यांचे झालेत, गाडी तीच जुनी छोटी हॅचबॅक, आणि तिच्या मागच्या सीटवर तीन कार सीट शेजारी शेजारी बसल्यात. भांडुपहून पुण्याला दोनदा जाऊन आलोय. पण तिथवर पोचायला एक सीट परत करावी लागली, एक अर्ध्या किमतीत विकावी लागली, आणि तीन रविवार पार्किंगमध्ये घामाघूम होऊन गेले. दादरच्या एका दुकानात तर मला छातीठोकपणे सांगितलं होतं, "बसेल मॅडम, आरामात बसेल." बसली नाही. म्हणून हे सगळं लिहून ठेवतेय, ज्याला लागेल त्याने वाचावं.

आधी घरच्यांसाठी दोन वाक्यं, कारण पहिला विरोध घरातूनच होतो. "मांडीवर घेतलं की झालं, आम्ही काय तुम्हाला सीटमध्ये बांधून वाढवलं का?" हे सासूबाईंचं. मी त्यांना हिशोब करून दाखवला. गाडी ताशी ५० च्या वेगावरून एका सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली तर नऊ किलोचं बाळ साधारण सव्वाशे किलोच्या जोराने पुढे जातं, धरून दाखवा. दुसरं म्हणजे कायदा. मोटार वाहन कायद्यातलं कलम १९४ ब, १ सप्टेंबर २०१९ पासून लागू आहे, चौदा वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय असेल तर हजार रुपये दंड. आणि मुंबईत तर १ नोव्हेंबर २०२२ पासून मागे बसणाऱ्यांनाही बेल्ट सक्तीचा केलाय. मला स्वतःला आजवर कोणी अडवून मुलांचे बेल्ट तपासले नाहीत, त्यामुळे दंडाच्या भीतीने करायला जाल तर आठवड्यात कंटाळाल. पहिला हिशोब लक्षात ठेवा.

काय काय लागेल

- गाडीचं मॅन्युअल. हरवलं असेल तर कंपनीच्या साइटवर पीडीएफ मिळतं. त्यात चाइल्ड सीटचं एक पान असतं, कुठल्या जागेवर कुठली सीट चालते त्याचा तक्ता असतो. ते पान सोडून सगळं मॅन्युअल वाचलेली माणसं मी बघितलीत (माझा नवरा).
- शिंप्याकडे असते तशी कापडी टेप आणि एक लोखंडी टेप, दोन्ही.
- मोठा पुठ्ठा. फ्रिज किंवा वॉशिंग मशीनच्या खोक्याचा उत्तम.
- मुलांचं वजन आणि उंची, आजची. मागच्या वाढदिवसाची नको.
- मोबाइलचा टॉर्च, बकल शोधायला.
- एक जाडजूड माणूस, सीटमध्ये गुडघा रोवून दाबायला.
- सीट विकत घेताना: बिल, वॉरंटी कार्ड आणि रिटर्न पॉलिसीचा स्क्रीनशॉट. ऑनलाइन घेतली असेल तर खोकं फाडू नका, ब्लेडने नीट टेप कापून उघडा, खोकं फाटलं म्हणून परत घ्यायला माझ्याशी अर्धा तास वाद घातला होता.

१. सगळ्यात आधी मधला बेल्ट बघा

लोक आधी दोन चांगल्या सीट घेतात, खिडकीजवळ बसवतात, आणि मग मधे जे काय मावेल ते बघू म्हणतात. मीही तेच केलं. इथेच सगळं फसतं. तीन सीटच्या भानगडीत कोण कुठे बसणार हे मधली जागा ठरवते.

मागच्या सीटच्या मध्यभागी जा आणि बघा बेल्ट कसा आहे. खांद्यावरून आणि कमरेवरून, दोन्हीकडून येणारा असेल तर थ्री पॉइंट, नशीबवान आहात. पण बऱ्याच जुन्या छोट्या गाड्यांत मधे फक्त कमरेचा पट्टा असतो, विमानात असतो तसला. त्याला लॅप बेल्ट म्हणतात. आमच्या गाडीत हाच.

लॅप बेल्टवर बूस्टर चालत नाही. अजिबात नाही. बूस्टर म्हणजे मुलाला नुसतं उंच करून गाडीचाच बेल्ट बरोबर जागी आणायचा, आणि खांद्याचा पट्टाच नसेल तर बूस्टर हा फक्त एक महागडा पाट. मला वाटलं होतं मोठी मधे बसेल, दोन्ही बाजूला जुळे, फोटोत कसं छान दिसेल. रद्द.

मग मधे काय चालतं? ज्या सीटला स्वतःचे पट्टे म्हणजे हार्नेस आहे आणि जिच्या लेबलवर किंवा मॅन्युअलमध्ये लॅप बेल्टची परवानगी लिहिली आहे तीच. युरोपियन स्टँडर्डच्या बहुतेक सीट थ्री पॉइंट बेल्ट मागतात, थोड्याच सीट लॅप बेल्टवर चालतात, त्यामुळे ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुसरी गोष्ट आयसोफिक्सची. सीटच्या पाठ आणि बैठकीच्या फटीत लोखंडी कड्या असतात, त्यात कार सीट खटकन बसते. छोट्या गाडीत या कड्या साधारणपणे फक्त दोन खिडक्यांच्या जागी असतात, मधे नसतात. म्हणजे तिन्ही सीट आयसोफिक्सच्या घेऊन काही उपयोग नाही, मधली बेल्टवरच बसणार.

२. मोजा, आणि तीन उंचीवर मोजा

गाडीची बाहेरची रुंदी बघून काही कळत नाही. वॅगनआर १,६२० मिलिमीटर, स्विफ्ट १,७३५, हे आकडे बाहेरचे. दारांची जाडी, आर्मरेस्ट, बाटलीचे कप्पे यात दोन्ही बाजूंनी बराच भाग जातो. आतलं मोजा. दोन्ही दारं बंद करून आत बसायचं आणि एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत टेप लावायची, बैठकीच्या उंचीवर एकदा, कोपराच्या उंचीवर एकदा, खांद्याच्या उंचीवर एकदा. आमच्या गाडीत खांद्याला १२७ सेंटीमीटर भरलं, कोपराला आर्मरेस्टमुळे त्याहून कमी.

आता सीटचं मोजमाप. वेबसाइटवर लिहिलेली रुंदी म्हणजे सीटचा सगळ्यात रुंद भाग, पण तो कुठे आहे ते लिहिलेलं नसतं, आणि आपल्याला तेच हवं असतं. बूस्टर बहुतेक वेळा हाताच्या जागी किंवा कप होल्डरला रुंद असतो. बाळाची उलटी सीट, म्हणजे जिच्यात बाळाचं तोंड मागच्या काचेकडे असतं, ती खांद्याच्या पंखांना रुंद असते, आणि ते पंख उलट्या सीटमध्ये गाडीच्या पुढच्या बाजूला येतात. म्हणजे उलटी आणि सुलटी शेजारी ठेवली की दोघींचे रुंद भाग एकमेकांसमोर येत नाहीत, लोकलमध्ये चौथी सीट मिळवताना एक पुढे सरकतो एक मागे टेकतो ना, अगदी तसं.

आमच्या तीन सीट ४३, ४४ आणि ४२, बेरीज १२९. कागदावर दोन सेंटीमीटर जास्त. गाडीत बसल्या.

पुठ्ठ्याचं काम इथे. दुकानात जाऊन सीट मोजा, घरी येऊन त्या रुंदीचे पुठ्ठे कापा, मागच्या सीटवर मांडा. वेडेपणा वाटेल, वॉचमन येऊन विचारून गेला आमचा. पण यावरूनच कळलं की आयसोफिक्सच्या कड्या ठरलेल्या जागी असल्यामुळे सीट दाराकडे सरकवता येत नाही, आणि मधे जेमतेम अडतीस सेंटीमीटर उरतात. तीच सीट बेल्टने बसवली तर ती दाराकडे दोन-तीन सेंटीमीटर सरकते. तीन सीटच्या खेळात दोन सेंटीमीटर म्हणजे फार झाले. म्हणून छोट्या गाडीत बेल्टने बसणारी सीट कधी कधी आयसोफिक्सपेक्षा सोयीची पडते, भले सेल्समन काहीही म्हणो. नीट बसवली तर बेल्टवरची सीटही सुरक्षित असते, फक्त चुका करायला वाव जास्त.

एक पर्याय ऐकायला येतो, इंग्लंडमधली मल्टीमॅक, बाकासारखी सलग तीन जणांची सीट. ती गाडीला वेगळ्या पट्ट्यांनी बांधावी लागते आणि महाग आहे. मी त्या वाटेला गेले नाही.

३. लेबल वाचायला शिका

सीटच्या मागे किंवा खाली नारिंगी स्टिकर असतं, त्यात गोलात ई आणि एक आकडा. ते नसेल तर युरोपियन मान्यता नाही. दोन स्टँडर्ड दिसतील.

आर४४: वजनावर चालतं. ग्रुप ०+ म्हणजे १३ किलोपर्यंत, ग्रुप १ म्हणजे ९ ते १८, ग्रुप २ म्हणजे १५ ते २५, ग्रुप ३ म्हणजे २२ ते ३६. आर१२९: उंचीवर चालतं, त्यातल्या बऱ्याच सीटना आय-साइझ म्हणतात, आणि त्यात पंधरा महिन्यांपर्यंत बाळ उलटंच बसवायचं असा नियम आहे. भारताचं स्वतःचं स्टँडर्ड एआयएस-०७२.

दुकानात हमखास सांगतात, "नऊ किलो झालं ना, आता पुढे तोंड करून बसवा." आर४४ मध्ये तशी परवानगी आहे हे खरं, पण बाळाची मान नाजूक आणि डोकं जड, समोरून धडक बसली की उलट्या सीटमध्ये पाठ, मान, डोकं सगळं एकत्र सीटच्या कवचावर टेकतं. सीटच्या मर्यादेत आहे तोवर उलटंच ठेवा. पाय दुमडतात म्हणून आजी हळहळतील. आमचे जुळे तर पाय वर करून अंगठा चोखत झोपतात.

मोठी २० किलोची, ११४ सेंटीमीटर, तिला पाठ असलेला बूस्टर. बिनपाठीचा, नुसता पाट असतो तो, १२५ सेंटीमीटरच्या आधी नको.

आणि आता खास आपल्याकडचा सापळा: अमेरिकेतून आलेली सीट. प्रत्येक मराठी घरात एक दादा न्यू जर्सीला असतो आणि तो "त्यांची मोठी झाली, पडूनच आहे" म्हणत कार सीट पाठवतो. अमेरिकन सीटवर ई चं स्टिकर नसतं, त्यांचं स्टँडर्ड वेगळं, एफएमव्हीएसएस २१३. अडचण बेल्टची आहे. तिकडच्या गाड्यांत बेल्ट पूर्ण ओढून सोडला की कुलूप लागल्यासारखा अडकतो, आपल्या गाड्यांत खिडकीचा बेल्ट सहसा फक्त झटका बसला की अडकतो, एरवी सैल. त्यामुळे ती सीट खिडकीशी बसवली की डुगडुगते. सीटलाच बेल्ट पकडणारा चिमटा असेल किंवा वेगळी लॉकिंग क्लिप लावली तरच जमतं.

पण गंमत बघा. मधला लॅप बेल्ट हा हाताने ओढून घट्ट करायचा असतो, आणि तो ओढला की तिथेच राहतो. अमेरिकन हार्नेस सीटना लॅप बेल्टवर बसवायची परवानगी सहसा असते. दादाने पाठवलेली जी अरुंद सीट मी खिडकीशी बसवून बसवून रडकुंडीला आले होते, ती मधे लॅप बेल्टवर उलटी लावली तर अशी बसली की तिला धरून आख्खी गाडी हलली. तिकडे तीन शेजारी बसवायला म्हणूनच बनवलेल्या अरुंद सीट मिळतात, डिओनो रेडियन साधारण १७ इंच, ग्रॅको स्लिमफिटचं एक मॉडेल पावणेसतराच्या आसपास. दादाला विचारायचंच असेल तर हे विचारा. आणि सीटच्या तळाशी तारीख असते ती बघा, सीटना एक्स्पायरी असते, आणि तिकडे त्यांचा कुठे छोटासा जरी अपघात झाला होता का हे स्पष्ट विचारा. अपघातातली सीट वापरत नाहीत. इथे कोणाकडून सेकंडहँड घेतानाही हेच दोन प्रश्न.

४. सीट कव्हर आणि मॅट काढा

नवीन गाडी घेतली की आपण पहिल्या आठवड्यात रेक्झिनची सीट कव्हर चढवतो. आमच्या कव्हरवाल्याने आयसोफिक्सची फट तर शिवून टाकलीच होती, शिवाय मधलं बकल कव्हरच्या खाली गाडून टाकलं होतं. गाडी घेतल्यापासून मधे बसलेल्या एकाही माणसाने बेल्ट लावला नव्हता, म्हणून कोणाला पत्ताच नाही! टॉर्च घेऊन, कव्हर उचकटून, हात कोपरापर्यंत आत घालून ते बकल बाहेर काढलं, सोबत एक दहाचं नाणं आणि मोठीचं हरवलेलं कानातलं निघालं.

रेक्झिन गुळगुळीत असतं, त्यावर कार सीट घसरते, आणि खाली जाड फोम असेल तर आज घट्ट बसवलेली सीट चार दिवसांनी फोम दबून सैल होते. मागच्या सीटचं कव्हर काढाच. सांडलवंडीची काळजी असेल तर सीटच्या कंपनीने चालेल म्हटलेलं पातळ कापड घाला.

मॅटचं तसंच. काही सीटना खाली एक पाय असतो, सपोर्ट लेग, तो गाडीच्या कडक फ्लोअरवर टेकायला हवा. गुबगुबीत सेव्हन-डी मॅटवर तो रुततो. काही गाड्यांत फ्लोअरखाली सामानाचा कप्पा असतो, त्यावर पाय टेकवायचा नाही, गाडीचं मॅन्युअल बघा.

५. कोण कुठे

आमचं जागावाटप असं: मधे एक जुळा, उलटा, लॅप बेल्टवर. उजवीकडे ड्रायव्हरच्या मागे दुसरा जुळा, उलटा, थ्री पॉइंट बेल्टवर. डावीकडे मोठी, बूस्टर.

मधली उलटी सीट पुढच्या दोन सीटच्या मधल्या मोकळ्या जागेत शिरते, त्यामुळे पुढच्या कोणाचे गुडघे अडत नाहीत. उजवीकडची उलटी सीट ड्रायव्हरची जागा खाते, पण गाडी बहुतेक मीच चालवते आणि मी पाच फूट दोन इंच. नवरा पावणेसहा फूट, तो चालवायला बसला की त्याची छाती स्टिअरिंगला लागते, म्हणून तो आता डावीकडे बसून सूचना देतो. तुमच्याकडे चालवणारा उंच असेल तर उलटी सीट डावीकडे न्या.

मोठी डावीकडे कारण ती स्वतः चढते-उतरते, आणि आपल्याकडे डावी बाजू म्हणजे फुटपाथची. शाळेच्या गेटपाशी उजवं दार उघडून सहा वर्षांचं मूल रस्त्यावर उतरवणं नको. शिवाय बूस्टरला बकल दरवेळी लावावं लागतं, तिच्या हाताला ते पोचलं पाहिजे. हार्नेसच्या सीट एकदा बसल्या की बसल्या, त्यांची बकलं गाडली गेली तरी चालतात.

"मोठीला पुढे बसव, कटकट मिटली" असंही सांगतील. नाइलाज असेल तर मोठं मूल, बूस्टरवर, पुढची सीट शक्य तितकी मागे सरकवून. पण उलटी सीट पुढे, एअरबॅग चालू असताना, कधीच नाही. एअरबॅग फुटली की ती थेट बाळाच्या डोक्यामागच्या कवचावर आदळते. सन व्हायजरवर त्याचं चित्र असतं, खोटं वाटत असेल तर उद्या बघा.

६. बसवायचा क्रम

मधली आधी. बाजूच्या बसल्या की मधे गुडघा घालायला जागा उरत नाही.

(अ) गाडी सपाट जागी लावा. आम्ही पहिल्यांदा बेसमेंटच्या उतारावर सीट बसवली, तिरकेपणाची रेघ बरोबर जुळवली, आणि रस्त्यावर आल्यावर बाळाची मान छातीवर. आख्खं काम परत. सीटवर ती रेघ किंवा बुडबुडा असतो तो सपाट जमिनीवरच खरा.

(आ) बेल्ट योग्य वाटेने घाला. युरोपियन सीटवर उलट्या सीटची वाट निळी, सुलट्याची लाल. पट्ट्याला कुठेही पीळ नको, हात फिरवून बघा.

(इ) जाडजूड माणूस सीटमध्ये गुडघा रोवतो, दुसरा बेल्ट ओढतो. माणूस उठला की बेल्ट आणखी थोडा सैल वाटतो, परत ओढा.

(ई) बेल्ट जिथून जातो तिथे सीट धरून डावी-उजवी, पुढे-मागे हलवा. एक इंचापेक्षा जास्त हलता कामा नये. वरचं टोक धरून हलवू नका, उलटी सीट वरून थोडी हलतेच, त्यावरून घाबरून मी पहिला रविवार घालवला.

(उ) मग खिडकीची उलटी. दाराकडे ढकलून बसवा. दार हलकं टेकलं तर चालेल, पण दार जोर लावून बंद करावं लागत असेल किंवा दार उघडल्यावर सीट बाहेर उसळत असेल तर नाही.

(ऊ) बूस्टर शेवटी. कप होल्डर निघत असेल तर काढून टाका, आम्हाला तिथे तीन सेंटीमीटर मिळाले. बूस्टर बकलवर चढून बसलेला नाही ना बघा. बेल्ट कमरेवर खाली, मांडीच्या वरच्या भागावर, पोटावर नाही, आणि खांद्याच्या मध्यावर, गळ्यावर नाही.

(ए) तिन्ही बसल्यावर मधली परत तपासा. बाजूच्या सीट ढकलताना तिचा बेल्ट सैल होतो. आमचा झाला होता.

बकलपर्यंत हात पोचत नाही म्हणून बेल्ट लांबवणाऱ्या क्लिपा ऑनलाइन मिळतात. घेऊ नका. तिथे बकल लावताच येत नसेल तर त्या जागी ती सीट बसत नाही असा त्याचा अर्थ. बिनालेबलचे, जॅकेटसारखे अंगात घालायचे पाचशे रुपयांचे पट्टेही तसलेच.

आयसोफिक्स आणि बेल्ट दोन्ही एकदम लावले की डबल सेफ, असंही नाही. सीटचं मॅन्युअल म्हणेल तरच.

७. रोजचं चढवणं-उतरवणं

आमच्या सोसायटीत स्टॅक पार्किंग आहे, वरच्या पाळण्यातून गाडी खाली येईपर्यंत मुलं आत बसवता येत नाहीत. मग गाडी गेटजवळ घ्यायची, मागे कोणीतरी हॉर्न वाजवत असतो, आणि मी अर्धी आत वाकलेली. क्रम ठरवला नव्हता तेव्हा बारा मिनिटं लागायची, आता चार.

आधी मधला, डाव्या दारातून, बूस्टरवर एक गुडघा टेकून. मग उजवा. मग मोठी स्वतः चढते, तिचं बकल मी बघते. उतरताना बरोबर उलट.

हार्नेसचा पट्टा गळ्याजवळच्या हाडावर चिमटीत धरून बघायचा, चिमटीत आला तर सैल आहे. उलट्या सीटमध्ये पट्टे खांद्याच्या पातळीवर किंवा थोडे खालून निघाले पाहिजेत, सुलट्यात खांद्याच्या पातळीवर किंवा वरून. लग्नाला जाताना कडक जरीचा परकर आणि महाबळेश्वरला जाड स्वेटर, दोन्हीत पट्टा घट्ट वाटतो आणि असतो सैल. स्वेटर काढा, पट्टे बांधा, मग वरून पांघरा.

मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत बकलचं लोखंड चटका देतं, निघण्याआधी स्वतःचा हात लावून बघा, मी जुनी सुती ओढणी टाकून ठेवते. पावसाळ्यात ओल्या चपलांनी खाली दमट होतं आणि सीटच्या बुडाला बुरशी धरते, म्हणून जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा तिन्ही बाहेर काढते, मवाळ साबणाच्या ओल्या फडक्याने पुसते आणि सावलीत वाळवते. हार्नेसचे पट्टे मशीनमध्ये टाकायचे नाहीत. बकल खटकन लागत नसेल तर नव्वद टक्के वेळा आत बिस्किटाचा भुगा असतो.

मोठी शाळेत गेली, बूस्टर रिकामा? तरी त्याला बेल्ट लावा. ब्रेक मारला की तो उडतो.

८. इतकं करूनही नाहीच बसल्या तर

होतं असं. खूपच अरुंद गाडीत तीन उलट्या सीट बसत नाहीत, जबरदस्ती करू नका. लांबच्या प्रवासाला एक मूल आणि एक मोठं माणूस ट्रेनने किंवा दुसऱ्या गाडीने, असं आम्ही दोनदा केलं. गाडीच बदलायची तर चार मीटरच्या आतली ट्रायबर तीन रांगांची आहे, अर्टिगा थोडी मोठी, पण तिथेही मॅन्युअलमधला तोच तक्ता बघा, आणि दुसऱ्या रांगेत कार सीट लावली की तिसऱ्या रांगेत जायची वाट बंद होते हे शोरूममध्ये प्रत्यक्ष करून बघा. तुमच्या सीट आणि पुठ्ठे घेऊनच जा टेस्ट ड्राइव्हला. सेल्समन हसेल, हसू दे. आपली सरकारी क्रॅश टेस्ट योजना, भारत एनसीएपी, १ ऑक्टोबर २०२३ पासून गाड्या तपासतेय, त्यात मुलांच्या सुरक्षेचे गुण वेगळे, ४९ पैकी, देतात. आधी ते बघा, मग सनरूफ.

आणि हो, तीन सीट बसल्या म्हणजे मागे चौथं माणूस नाही, म्हणजे आजी नाही. यावर आमच्याकडे तोडगा असा निघालाय की आजी पुढे माझ्या शेजारी बसतात, आणि नवरा लोकलने येतो. त्याला म्हणे तेच बरं पडतं, पोचतोही आमच्या आधी.